एक विसांश घोडी

अर्धा वाटा मागितला की मराठी माणूस रात्री नदी ओलांडतो. 1677 साली कोल्लिडम नदीच्या काठी तिरुमळवाडीला शिवाजी महाराज आणि व्यंकोजीराजे भेटले. थोरल्याने वडिलांच्या जहागिरीतला निम्मा हिस्सा मागितला. धाकट्याने काही दिवस पाहुणचार घेतला आणि एका रात्री मोजक्या माणसांनिशी नदीपार होऊन तंजावर गाठलं. पुढे वालिकोंडपुरमला दोन्ही फौजांची गाठ पडली, मग समेट, मग एकोणीस कलमांचं पत्र, आणि त्यात व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी बंगळूर. दोन वाटेकरी, बाप एक, तरी एवढं झालं.

आणि आता तंजावरहूनच फोन येतो की आपण वीस जण मिळून एक घोडी घेऊ या.

फोन करणारा माझा कॉलेजातला मित्र. बँकेच्या बदलीने सध्या तिकडे आहे. पुण्याचे चार, चेन्नईचे सहा, बंगळूरचे पाच, दुबईचे तीन आणि कोणाचे तरी दोन मेहुणे, असा वीस जणांचा जथा त्याने जमवत आणलाय. पुण्याच्या चौघांत एक जागा माझ्यासाठी रिकामी ठेवली आहे. प्रत्येकी एक विसांश. घोडी धावेल, जिंकेल, मग निवृत्त होऊन आई होईल, तिची शिंगरं धावतील, ती जिंकतील, आणि आपण ‘ब्रीडर’ होऊ. एवढं सगळं त्याने श्वास न घेता सांगितलं. मागून वहिनींचा आवाज आला, “भाऊजी, हप्ता भरायचा तो भरू देत, पण घोडी क्वार्टरमध्ये आणायची नाही, एवढं तुम्ही त्यांना बजावा.” वीस वाटेकऱ्यांत नसलेल्या या एकट्या बाईने घोडी कुठे राहणार हा प्रश्न काढला. बाकीच्यांना ती फक्त धावताना दिसते आहे.

भागीदारीत घोडा घेण्यात गैर काही नाही, म्हणजे कायद्याने. टर्फ क्लबाकडे नावं नोंदवायची, स्टुअर्ड मंडळी तुमची चौकशी करतात, मग मालक म्हणून मान्यता. त्यानंतर ट्रेनरचा महिन्याचा आकार, मोतद्दार, चंदी, नालबंद, डॉक्टर, शर्यतीची नोंदणी, ने-आणीचं भाडं. घोडा धावो की लंगडो, चंदी रोज लागते. वर्षाला शर्यती सात-आठ, त्यातली एकेक फार तर दीड-दोन मिनिटांची. म्हणजे वर्षाकाठी पंधरा मिनिटं मालकी आणि बाकीचा वेळ बिल. बक्षीस आलंच तर आधी ट्रेनरचा टक्का, मग जॉकीचा, मग उरलेल्याचे वीस भाग. बिल मात्र कोणाचाही टक्का न कापता विसांत अखंड उतरतं. जिंकलेल्या घोड्याचा लगाम धरून त्याला आत आणायचा मान मालकाचा असतो. लगाम एक, मालक वीस, शिवाय प्रत्येकाबरोबर कुटुंब. घोडा शर्यतीत बुजत नाही, तो त्या फोटोत बुजतो.

बारभाईची खेती, काय लागेल हाती, ही म्हण ज्यांनी केली त्यांना बाराच भाई ठाऊक होते.

तसं पाहिलं तर घोड्याच्या मालकीचे तुकडे पाडणं ही आजची टूम नव्हे. आपल्या फौजेत बारगीर सरकारी पागेचा घोडा वापरी आणि शिलेदार स्वतःचा. घोडा पडला की शिलेदाराचं भांडवल पडलं, म्हणून तो ऐन गर्दीत घोडा जपून घाली. इंग्रजांनी ही पद्धत उचलली आणि सिल्लादार या नावाने चालवली. त्यांच्या रिसाल्यांत जवान घोड्यापोटी अनामत भरत, पगारातून महिन्याला ‘चंदा’ कापला जाई, आणि घोडा मेला की त्या फंडातून नवा घ्यायला मदत मिळे. चार पैसे बाळगून असलेले लोक दोन-दोन, तीन-तीन ‘असाम्या’ धरून असत. घोडा यांचा, वर बसणारा दुसराच. पहिल्या महायुद्धात घोडे अशा वेगाने मेले की चंद्याचा हिशेब कोलमडला आणि त्यानंतर लवकरच ही पद्धत गुंडाळली गेली. पूर्ण घोड्याचा मालक भित्रा असतो हे त्या साऱ्या काळाचं सार. विसाव्या हिश्शाचा मालक मात्र निधड्या छातीचा. “मारू या की उडी,” असं माझा मित्र चारदा म्हणाला. उडी घोडीने मारायची आहे.

घोडी तंजावरातच वाढवायचा त्याचा विचार नाही, हे एक बरं आहे. मार्को पोलो तेराव्या शतकाच्या अखेरीस या किनाऱ्यावर उतरला. त्या मुलखाला तो माबर म्हणतो. तो लिहितो की इथला राजा वर्षाला दोन हजारांवर घोडे विकत घेतो, त्याचे चार भाऊही राजेच, तेही तेवढेच घेतात, आणि वर्षअखेर त्यातले शंभरही उरत नाहीत. घोड्यांना शिजवलेला भात आणि मांस खायला घालत. त्यांची निगा कळणारी माणसं इथे नव्हती आणि व्यापारी ती बाहेरून येऊ देत नसत, कारण घोडे जगले तर पुढल्या वर्षी विकायचं काय? चांगल्या घोडीला चांगला घोडा दाखवला तरी पोटी येतं ते वाकड्या पायांचं खुरटं शिंगरू, हेही त्यानेच नोंदवलंय. मार्को पोलोच्या सगळ्याच गोष्टी गंगाजळी शपथेवर घ्याव्यात असं नाही. पण विकणाऱ्याला घोडा जगण्यात रस नसतो, हे वाक्य मी मित्राला वाचून दाखवलं. तो म्हणाला, आपला एजंट तसला नाही.

तंजावरात घोडे टिकले नाहीत, घोड्यांवरचं पुस्तक टिकलं. सरस्वती महाल ग्रंथालयात नकुलाच्या नावावरचं अश्वशास्त्र आहे, चित्रांसकट. 1952 साली ग्रंथालयाने ते छापलंही. सरफोजी राजांच्या धन्वंतरी महालात माणसांच्या औषधांबरोबर जनावरांच्याही औषधांचं काम चाले, तेव्हा असलं पुस्तक तिथे असणं साहजिक. आणि नकुल हा या विषयाचा खरा अधिकारी. घोड्यांचं ज्ञान तर होतंच, शिवाय पाच भागीदारांच्या पेढीतला तो चौथा भागीदार, आणि कर्त्या भागीदाराने कोणाला न विचारता सगळी मालमत्ता फाशांवर लावलेली त्याने डोळ्यांनी पाहिलेली. आजच्या कागदपत्रांत युधिष्ठिराला मॅनेजिंग पार्टनर म्हणतात. सही त्याचीच चालते.

जुन्या अश्वपरीक्षेत भोवऱ्यांना फार मान. गळ्याशी देवमण असला की घोडा शुभ, डोळ्याखाली भोवरा असला की मालकाला रडवणार. तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत आजही घोडा बघायला आलेला जाणता माणूस आधी भोवरे बघतो, पंचकल्याणी दिसला की किंमत चढते. हे सांगितलं तेव्हा मित्राने फोनवर नाक मुरडलेलं मला ऐकू आलं. “आपण शास्त्रशुद्ध घेणार. पेडिग्री बघून.” पेडिग्री म्हणजे विक्रीच्या कॅटलॉगातलं एक पान. बाप कोण, आई कोण, आईच्या बापाने कुठली शर्यत मारली, आजीच्या बहिणीच्या नातवाने कुठे दुसरा नंबर काढला. मोठी शर्यत जिंकलेल्यांची नावं ठळक ठशात. ज्या घोडीची किंमत ठरते आहे तिच्याविषयी त्या पानावर जवळजवळ काहीच नसतं, कारण ती अजून धावलेलीच नाही. भोवरा निदान तिच्या स्वतःच्या अंगावर असतो.

पैदाशीचा कारभार तर याहून कडक. थरोब्रेड जातीत कृत्रिम रेतनाला बंदी. म्हशीला जे चालतं ते इथे चालत नाही. घोडा आणि घोडी यांची प्रत्यक्ष भेट झाली तरच शिंगराचं नाव वहीत. ती वही, म्हणजे इंडियन स्टड बुक, सांभाळणारी संस्था पुण्यात आहे, आणि आईबाप खरेच तेच का, हे डीएनए तपासून ठरतं. वर आपल्याकडच्या सगळ्या शर्यतींच्या घोड्यांचा वाढदिवस एकच, 1 जानेवारी. आपल्या गुरुजींनी अख्ख्या पिढीला 1 जून ही जन्मतारीख वाटून टाकली, तसंच. शिंगरू 31 डिसेंबरच्या रात्री जन्मलं तर उजाडताना ते एक वर्षाचं झालेलं असतं आणि पुढे जन्मभर स्वतःपेक्षा वर्षाने मोठ्या पोरांबरोबर धावतं. गर्भ अकरा महिन्यांचा. त्यामुळे घोड्यांची सगळी लगीनघाई वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत उरकावी लागते आणि शिंगरू 1 जानेवारीनंतर पडेल असा बेत आखावा लागतो. एवढं करून घोडी गाभण राहिली नाही तर वर्ष गेलं. चंदी चालू.

घोडा एकट्याने घ्यायचा तर बडोद्याच्या प्रतापसिंहराव गायकवाडांसारखा घ्यावा. 1945 साली त्यांनी इंग्लंडात एका वर्षाच्या शिंगराला 28,000 गिनी मोजल्या. एवढी किंमत तिथे तोवर कोणी दिली नव्हती. त्याच साली डर्बी जिंकलेल्या दान्तेचा हा सख्खा भाऊ. नाव ठेवलं सयाजीराव. आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, इथे नातवाने ते घोड्याला ठेवलं. 1947 साली सयाजीरावाने आयरिश डर्बी आणि सेंट लेजर मारली. पुढच्या साली महाराजांच्याच माय बाबूने 2000 गिनीज ही शर्यत. मुंबईत 1943 साली पहिली इंडियन डर्बी झाली तीही बडोद्याच्याच प्रिन्सेस ब्यूटीफुल या घोडीने जिंकली. यात सामाईक मालकी कुठे, असं विचाराल तर होती. खर्च रयतेत वाटलेला होता, लगाम धरून आत आणायला एकटे महाराज. 1951 साली दिल्लीने त्यांची गादी काढून घेतली. उधळपट्टीची कुजबुज त्याआधीच बरीच झालेली होती. सयाजीराव मात्र बीजाचा घोडा म्हणून नीट नांदला. त्याची मुलगी ग्लॅडनेस 1958 साली अॅस्कटचा गोल्ड कप जिंकली. धन्याचं संस्थान गेलं, घोड्याचं घराणं चालू राहिलं.

राजे गेले आणि वाटेकरी आले. अमेरिकेतला सेक्रेटेरियट हा घोडा तर वारसाकराच्या पायी वाटला गेला. 1973च्या जानेवारीत धनी वारला, कर भरायला रोख हवी, म्हणून घोड्याचे 32 वाटे पाडले, प्रत्येकी 1,90,000 डॉलर. वाटा म्हणजे दर हंगामात आपली एक घोडी त्याच्याकडे पाठवायचा हक्क. वाटे विकले गेले तेव्हा तो तीन वर्षांचा म्हणून एकदाही धावला नव्हता. त्या वर्षी त्याने अमेरिकेच्या तिन्ही मोठ्या शर्यती मारल्या, शेवटची 31 लांबींनी. आणि वर्ष संपताच वाटेकऱ्यांनी त्याला निवृत्त केलं, करार तसाच होता. पायांनी जास्तीत जास्त बक्षीस मिळतं, पैदाशीत मोजदाद नसते. जगातला सर्वोत्तम घोडा चौथ्या वर्षी कसा धावला असता, हे 32 वाट्यांच्या सोयीसाठी कोणालाच कळलं नाही.

माझ्या मित्राने शेरगरची गोष्ट मात्र नीट ऐकावी. आयर्लंडचा हा घोडा 1981ची डर्बी दहा लांबींनी जिंकला. आगा खानांनी त्याचे 40 वाटे केले, एकेक अडीच लाख पौंडांचा, त्यातले सहा स्वतःकडे ठेवले. 8 फेब्रुवारी 1983च्या रात्री हत्यारबंद माणसं पागेत शिरली, मोतद्दाराला बरोबर घेतलं, घोडा गाडीत चढवला आणि गेली. मोतद्दाराला वाटेत सोडून दिलं. मागणी वीस लाख पौंडांची. चोरांनी आगा खानांची श्रीमंती पाहिली होती, वाटेकऱ्यांची यादी पाहिली नव्हती. एका माणसाला धमकावलं तर तो घाबरतो. वाटेकऱ्यांतल्या प्रत्येकाला धमकी चाळिसाव्या हिश्शाने पोचते. देशोदेशी पसरलेले मालक, कोणी म्हणे पैसे देऊन टाका, कोणी म्हणे एकदा दिले तर उद्या दुसऱ्याचा घोडा उचलतील, कोणी म्हणे आधी घोडा जिवंत आहे याचा पुरावा. चोरांनी फोटो पाठवला, तेवढ्यावर मालक मंडळींचं समाधान होईना. चारेक दिवसांत चोरच कंटाळले आणि फोन बंद झाले. घोडा आजतागायत सापडलेला नाही. संशय आयरिश रिपब्लिकन आर्मीवर, सिद्ध काही नाही. आणि खरी गंमत पुढे. ज्यांनी चोरीचाही विमा काढला होता त्यांना पैसे मिळाले. ज्यांनी फक्त मृत्यूचा काढला होता त्यांना विमा कंपनीने विचारलं, मेला हे कशावरून? एकच घोडा काही मालकांपुरता गेला आणि काहींच्या कागदावर जिवंत राहिला. मालकीचे वाटे पडले होते, मरणाचेही पडले.

वीस जणांच्या व्हॉट्सअॅप गटावर हा प्रसंग आला तर काय होईल ते मी सांगतो. सात जण हात जोडतील, चौघांना निरोप दिसलेलाच नसेल, दुबईचे तिघे विचारतील की खंडणीवर जीएसटी आहे का, आणि मेहुणे ‘सुप्रभात’ टाकतील.

सिगार नावाचा अमेरिकन घोडा लागोपाठ 16 शर्यती जिंकला. तालेवार स्टडने मोठा हिस्सा घेऊन त्याला पैदाशीला नेलं. एकही घोडी गाभण राहिली नाही. विमा कंपनीने अडीच कोटी डॉलर भरले आणि सिगार केंटकीच्या एका सार्वजनिक अश्व-उद्यानात राहायला गेला. तिथे 2014 सालापर्यंत लोक त्याला बघायला येत. वंश नाही, वाटेकरी नाहीत, रोज पाहुणे.

“ही सगळी बड्यांची उदाहरणं,” मित्र म्हणाला, “साध्या माणसांनीही जिंकलंय.” जिंकलंय ना. 2003 साली केंटकी डर्बी जिंकणारा फनी साइड हा न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावच्या शाळासोबत्यांनी सुरू केलेल्या भागीदारीचा घोडा. सुरुवातीची वर्गणी माणशी 5,000 डॉलर. शर्यतीला ही मंडळी पिवळ्या स्कूल बसमधून गेली. वेल्समध्ये एका बारमध्ये काम करणाऱ्या बाईने काही शे पौंडांना घोडी घेतली, घोडा दाखवला, शिंगरू भाजीपाल्याच्या वाफ्यांशेजारी वाढवलं, आणि खर्चासाठी गावातल्या वीस-बावीस लोकांनी आठवड्याला दहा-दहा पौंड काढले. त्या ड्रीम अलायन्सने 2009 साली वेल्श ग्रँड नॅशनल मारली. सगळा हिशेब झाल्यावर माणशी चौदाशे पौंडांच्या आसपास हाती आले, आणि त्यात सगळे खूश होते. मला ही माणसं मनापासून आवडतात. पण मित्राला एक तपशील सांगावाच लागला. फनी साइड खच्ची केलेला होता. ड्रीम अलायन्सही. धावायला शांत राहावा म्हणून करतात. तेव्हा पुढची पिढी वगैरे जे तू म्हणतोस, ते या दोन्ही गोष्टींत नाही.

“आपण घोडी घेतोय,” तो म्हणाला. हे मात्र त्याने बरोबर पकडलं. घोडीने एकही शर्यत जिंकली नाही तरी तिला शिंगरू होऊ शकतं, आणि शिंगराच्या नावावर वाटेकऱ्यांना आणखी चार वर्षं आशा करता येते. कॅलिफोर्निया क्रोम या घोड्याची आई 8,000 डॉलरची. ती घेणारा माणूस गाढवच असला पाहिजे, असं पागेतल्या कोणीतरी म्हटलेलं दोघा भागीदारांच्या कानावर आलं, तर त्यांनी आपल्या भागीदारीचं नावच त्या शिवीवरून ठेवलं आणि जॉकीच्या अंगरख्यावर गाढव काढलं. 2014 साली तो केंटकी डर्बी जिंकला. माझ्या माहितीत मालकाचं खरं चित्र छातीवर लावून जिंकलेला हा एकच घोडा.

शर्यतीबाहेर घोड्यांवर कमाई झाली ती पुण्यात. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे उतारवयाचे घोडे मुंबईच्या हाफकिनकडे जात. घोड्याला विष बेताबेताने टोचायचं आणि त्याच्या रक्तातून माणसासाठी प्रतिविष काढायचं, हे तिथलं काम. सायरस पूनावालांनी विचार केला, घोडे आपले, रक्त त्यांचं, मग मध्ये हाफकिन कशाला? 1966 साली सीरम इन्स्टिट्यूट निघाली, धनुर्वातावरच्या प्रतिविषापासून सुरुवात झाली आणि पुढचं सगळ्या जगाने दंडावर घेतलं. आपल्याकडे म्हाताऱ्या घोड्याचा विचार एवढ्या गांभीर्याने करणारा मालक एकच झाला, आणि तो देशातल्या अतिश्रीमंतांत जाऊन बसला. वीस वाटेकऱ्यांच्या कच्च्या करारात मी हा विषय शोधला. बक्षिसाची वाटणी आहे, शिंगरांच्या विक्रीची आहे, रंग कोणते, टोपी कोणती, पहिल्या शिंगराचं नाव कोणी ठेवायचं, ही तीन पोटकलमं आहेत. घोडी पंधरा वर्षांची झाली आणि गाभण राहीना, तर काय, हे नाही. घोडं पंचवीस-तीस वर्षं जगतं.

वाटेकरी मेला तर काय, हेही नाही. हा प्रश्न तर तंजावरातच सुटलेला आहे. 1855 साली तिथले शेवटचे शिवाजीराजे निपुत्रिक वारले, कंपनीने राज्य घेतलं, खाजगी मालमत्ताही घेतली, ती पुढे राण्यांना परत केली, आणि मग राण्यांत वाद लागला. 1868 साली मद्रास हायकोर्टात जिजोयीअंबाबाई विरुद्ध कामाक्षीबाई या खटल्यात, एका नवऱ्याच्या अनेक विधवांनी सामाईक मालमत्ता कशी धरायची हे ठरलं. वकील मंडळी तो निकाल पुढे कितीतरी वर्षं पाठ करत. मित्राच्या गटात दोन वकील आहेत. त्यांनी टोपीचा रंग सुचवला आहे.

घोडी धावणार कुठे, हाही एक भाग. चेन्नईच्या गिंडीला 1777 सालापासून शर्यती चालत आल्या. सरफोजी राजांचा जन्मही त्याच सालचा, हा आपला योगायोग. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने मद्रास रेस क्लबच्याच प्रकरणात सांगितलं की घोड्यांची शर्यत हा जुगार नव्हे, कौशल्याचा खेळ आहे. कोणाचं कौशल्य, यावर घोड्याचं म्हणणं मागवलं नव्हतं. आणि 2024च्या सप्टेंबरात तमिळनाडू सरकारने 160 एकरांचा भाडेपट्टा रद्द करून मैदानाला टाळं ठोकलं. 1945 साली 99 वर्षांसाठी दिलेली जागा, थकबाकी 730 कोटी, असं सरकारचं म्हणणं. मुंबईत महालक्ष्मीच्या 211 एकरांतले 120 त्याच वर्षी बागेसाठी निघाले. पैजेच्या पैशावर 2023 साली पुरत्या रकमेवर 28 टक्के जीएसटी बसला, 2025 साली तो 40 झाला, आणि बक्षिसाचा पैसा शेवटी पैज लावणाऱ्याच्याच खिशातून येतो. म्हणजे मैदान आक्रसतं आहे, बक्षीस आक्रसतं आहे, फक्त वाटेकरी वाढताहेत. बैलांचं नशीब बरं. 2023च्या मे महिन्यात एकाच निकालात तमिळनाडूचं जल्लीकट्टू आणि आपली बैलगाडा शर्यत दोन्ही कायदेशीर ठरली.

मी मित्राला सुचवलं की तंजावरात राहतोसच, तर पोय्क्काल कुदिरै घे. हा तिकडचा लोकनाच, मराठ्यांच्या राज्यात रुजला असं म्हणतात. नाचणारा पायांना लाकडी खुंट बांधतो, कमरेभोवती घोड्याचा सजवलेला सांगाडा अडकवतो आणि राजा होऊन नाचतो. शेजारी दुसरा राणी. चंदी नाही, नालबंद नाही, पेडिग्री नाही, आणि गुडघे दुखले तर ते ज्याचे त्याचे. किंवा सरळ कोडियाक्करैला जा, पूर्वी तंजावर जिल्ह्यातच होतं, आता नागपट्टिनममध्ये. तिथल्या अभयारण्यात रानटी झालेली तट्टं फिरतात. मालक कोणी नाही, ट्रेनर नाही, आणि पुढची पिढी कोणाची वर्गणी न काढता दरवर्षी येते. तो हसला नाही. “तू वाटा घेतोयस की नाही, तेवढं सांग. शुक्रवारपर्यंत पहिला हप्ता आहे.”

मी म्हटलं, “घोडी म्हातारी झाली की कळव. तेव्हा उरलेले एकोणीस विसांश लोक हौसेने माझ्या नावावर करून देतील.”

“आणि ठेवशील कुठे?”

“तेच वहिनी विचारत होत्या. त्यांना फोन दे.”